कुलाबा किनाऱ्यावरचे परदेशी तरुण

अमेरिकेतल्या युटा राज्यातला, मॉर्मन या ख्रिस्ती पंथातला एखादा मुलगा अठराव्या वर्षी शाळा संपवतो आणि धर्मप्रचारासाठी दोन वर्षं घर सोडतो. कुठं जायचं हे तो ठरवत नाही. सॉल्ट लेक सिटीतल्या मुख्यालयाकडून निरोप येतो आणि त्यात देशाचं नाव असतं: फिलिपीन्स, घाना, पेरू, नाहीतर जपान. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावपट्टी. सोबत त्याच्याच वयाचा एक जोडीदार, आणि या जोडीदाराच्या नजरेआड व्हायचं नाही असा कडक नियम. साडेसहाच्या सुमारास उठायचं, व्यायाम, न्याहारी, मग एकट्यानं धर्मग्रंथाचं वाचन, नंतर दोघांनी मिळून अभ्यास, आणि ज्या देशात आहोत तिथल्या भाषेची उजळणी. त्यानंतर अंधार पडेपर्यंत रस्ते आणि दारं. रात्री साडेदहाला दिवे बंद. आठवड्यातून एक दिवस धुणी, बाजारहाट आणि घरी पत्र लिहायला. दोन वर्षं प्रेमप्रकरण नाही, नोकरी नाही, कॉलेज नाही. पगारही नाही, उलट खर्च त्याच्या कुटुंबानं उचलायचा. घरी फोन करायची मुभा बराच काळ वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. २०१९ च्या फेब्रुवारीपासून ती दर आठवड्याला मिळाली. मुलीही जातात, दीड वर्षासाठी.

या मुलांबद्दल वाचताना मला नेहमी आपला रायगडचा, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्याचा किनारा आठवतो. इतक्याच कोवळ्या वयाचे किंवा थोडे थोरले परदेशी तरुण दोनशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर मचव्यातून उतरत होते. परकी भाषा, पायपीट आणि नकार, हा त्यांच्या दिवसाचा सांगाडा आजच्या मॉर्मन मुलांच्या दिवसासारखाच होता. त्यांनी काय दिलं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला अधिक महत्त्वाचं वाटतं ते किनाऱ्यावरच्या माणसांनी काय घेतलं आणि काय घेतलं नाही हे. ती निवड त्यांनी फार जाणतेपणानं केली.

आधी मॉर्मनांचंच सांगतो, कारण ते मुंबईत फार लवकर येऊन गेले हे सहसा कोणाला ठाऊक नसतं. जोसेफ स्मिथनं हा पंथ न्यूयॉर्क राज्यात १८३० साली स्थापन केला. स्मिथची हत्या झाल्यावर ब्रिगहॅम यंगच्या मागोमाग हे लोक १८४७ मध्ये युटाच्या ओसाड खोऱ्यात जाऊन राहिले. तिथं अजून घरं नीट उभी राहत होती, तोच १८५२ च्या ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीत सभा भरली आणि शंभरावर पुरुषांची नावं पुकारली गेली. अमुक माणूस इंग्लंडला, तमुक दक्षिण आफ्रिकेला, काही जण हिंदुस्थानला, काही सयामला. धर्मविद्यालयात शिकलेले पाद्री यांत कोणी नव्हते. साधी कामकरी माणसं होती ती. नाव पुकारलं की बायकामुलांना भावकीच्या भरवशावर सोडून निघायचं. हिंदुस्थान आणि सयामसाठी नेमलेले तेरा जण १८५३ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोहून ‘मान्सून’ नावाच्या जहाजानं निघाले आणि एप्रिलअखेर कलकत्त्याला पोचले.

मुंबईत मात्र त्यांच्याही आधी एक जण येऊन ठेपला होता. ह्यू फिंडले हा स्कॉटिश माणूस ब्रिटनमधून १८५२ च्या पावसाळ्याच्या शेवटी मुंबईत उतरला. वर्तमानपत्रांनी आणि इतर पंथांच्या पाद्र्यांनी त्याला लगेच धारेवर धरलं. पुढं त्यात आणखी एका कारणाची भर पडली. ज्या सभेत ही नावं पुकारली गेली त्याच सभेत मॉर्मनांनी आपल्यात बहुपत्नीत्व चालतं हे पहिल्यांदा उघडपणे जाहीर केलं, आणि ती बातमी प्रचारकांच्या मागोमाग जगभर पोचली. मुंबईत दारं बंद होऊ लागली तेव्हा फिंडलेनं पुणं गाठलं.

त्या काळी मुंबईहून पुण्याला जायची नेहमीची वाट रायगडातून होती. मुंबईच्या धक्क्यावरून होडीनं किंवा पडावानं पनवेलच्या खाडीत शिरायचं, तेही भरती पाहून, कारण ओहोटीला होडी चिखलात रुतून बसायची. पनवेलला उतरून खोपोली, आणि खोपोलीहून बोरघाट. घाटात गाडीरस्ता १८३० साली झाला होता, पण रेल्वे यायला अजून दहा वर्षं होती. मुंबई–ठाणे गाडी सुरू झाली तीच मुळी १८५३ च्या एप्रिलमध्ये. पनवेल तेव्हा घाटावरच्या आणि समुद्रावरच्या मालाचं मोठं नाकं होतं. पुण्याचा साहेब, शिपाई, व्यापारी, पाद्री, सगळ्यांना या एकाच चिंचोळ्या खाडीतून आत यावं लागे.

पुण्यात लष्करानं फिंडलेला छावणीत प्रचार करायला मनाई केली. मग छावणीच्या हद्दीबाहेर जागा भाड्यानं घेऊन त्यानं बैठका घेतल्या, मराठी शिकायला घेतली, हिंदुस्थानातल्या मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिका छापून घेतली. पुढं त्याचा भाऊही मदतीला आला. मूठभर माणसं त्याच्या पंथात आली, त्यात गोरे शिपाई आणि युरेशियन अधिक. १८५६ पर्यंत हिंदुस्थानातलं हे सारं काम जवळजवळ आवरतं झालं.

ते का आवरलं, याचं एक कारण मला त्यांच्या पद्धतीतच दिसतं. हे प्रचारक खिशात पैसा न ठेवता निघत. जिथं जाऊ तिथली माणसं जेवू घालतील, हा त्यांचा भरवसा होता. इंग्लंडच्या गिरणगावांत तो खरा ठरला होता. हिंदुस्थानात पंगतीला जात आडवी आली. गोऱ्या माणसाला घरात घेऊन जेवू घालणं बहुतेक हिंदू घरांना शक्यच नव्हतं, आणि पायी हिंडणारा, नोकर नसलेला गोरा साहेबलोकांनाही रुचेना. दुसरं असं की नव्या अनुयायाला ते सांगत, आता युटाला चला, तिथं देवाचं राज्य उभं राहतंय. जो थोडा उत्साही तो जहाजावर चढून गेला. मागं राहायला, संसार थाटायला, शाळा चालवायला कोणी उरलं नाही. ज्या पंथाला आपली माणसं दूर न्यायची आहेत त्याची मुळं इथल्या मातीत कशी धरणार?

मुळं धरली ती यांच्याआधी चाळीस वर्षं आलेल्या दुसऱ्या अमेरिकनांची. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघं ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत पोचले. हॉल अठ्ठावीस वर्षांचा, नॉट चोविसाचा. त्यांच्यापाठचा सॅम्युएल न्यूएल वर्षभरानं आला, तो एकटा. त्याची बायको हॅरिएट बरोबर निघाली तेव्हा आजच्या मॉर्मन मुलींच्याच वयाची होती. कंपनी सरकारनं या मंडळींना कलकत्त्यात राहू दिलं नाही, म्हणून ती दोघं मॉरिशसकडे वळली. वाटेत जहाजावर तिचं बाळ जन्मलं आणि गेलं. पाठोपाठ १८१२ च्या नोव्हेंबरअखेर मॉरिशसमध्ये तीही गेली, एकोणिसाव्या वर्षी. मुंबई तिनं पाहिलीच नाही. तिची डायरी आणि पत्रं पुढं अमेरिकेत घरोघर वाचली गेली आणि ती वाचून कितीतरी तरुण मुली या कामाकडं वळल्या.

मुंबईत हॉल आणि नॉट यांनाही लगेच परत जायचा हुकूम झाला होता. इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात १८१२ साली युद्ध पेटलं होतं, त्यामुळं हे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनानं त्यांच्या बाजूचा होता, पण वरचा हुकूम मोडणं त्याच्या हाती नव्हतं. शेवटी कंपनीची सनद नवी झाली, मिशनऱ्यांना हिंदुस्थान खुला झाला आणि हे लोक राहिले. त्यांच्या कामाला पुढं अमेरिकन मराठी मिशन हे नाव पडलं.

त्यांचा दिवस कसा जायचा? सकाळ मराठीची. आज आपण ज्याला मराठीचा शब्दकोश म्हणून मानतो तो मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. म्हणजे हॉल शिकायला बसला तेव्हा हाताशी पंडित होता, वही होती, आणि बाजारातली बोली कानावर पडत होती. पंडिताची मराठी संस्कृताकडं झुकलेली, बाजाराची वेगळी, कोळ्यांची तिसरीच. व्यवहारातलं लिखाण मोडीत, छपाईसाठी मात्र बाळबोध. दोन लिप्या आणि तीन तऱ्हांची बोली अंगवळणी पडायला या तरुणांना वर्षं लागली. दुपारी भाषांतर. उन्हं उतरली की रस्ता, देवळाचं आवार, तळ्याचा काठ, बाजार. तिथं थांबून बोलायचं, आणि ऐकणारे वाद घालायला उभे राहिले की उत्तरं द्यायची. मुंबईकरांनी त्यांना क्वचितच हाकललं. ऐकलं, प्रश्न विचारले, आणि आपापल्या घरी गेले. तेरा वर्षं हॉल राबला, पण मराठी माणसांची ख्रिस्ती मंडळी म्हणावी असं काही त्याच्या हयातीत उभं राहिलं नाही.

उभा राहिला तो छापखाना. होरेशियो बार्डवेल हा छपाई जाणणारा मिशनरी १८१६ मध्ये आला, कलकत्त्याहून नागरी खिळे मागवले गेले, आणि १८१७ च्या मार्चमध्ये पहिली छोटी मराठी पुस्तिका बाहेर पडली. पुढं याच छापखान्यात टॉमस ग्रॅहमनं मराठी अक्षरांना घाटदार वळण दिलं. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी लहानपणी इथंच कामाला होते. मराठी मुद्रणाच्या इतिहासातलं हे सोनेरी पान आहे, आणि ते धर्मांतराच्या हिशेबवहीत कुठंच बसत नाही.

छापलेली पुस्तकं घेऊन हे लोक खाडीपलीकडं निघाले. मुंबईच्या दक्षिणेला अलिबाग, चौल, रेवदंडा हा सारा पट्टा नारळी-पोफळीच्या वाड्यांचा. अलिबाग अजून आंग्र्यांचं संस्थान होतं. ते कंपनीनं खालसा केलं १८४० साली. मचव्यातून जायचं तर वारा आणि भरती सांगेल त्याप्रमाणं. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद, म्हणजे मिशननं किनाऱ्यावर काढलेल्या शाळा अडीच-तीन महिने तपासणीविना. आजही मुंबईहून मांडव्याला जाणारी लाँच पावसाळ्यात बंद असते, त्यावरून त्या काळच्या शिडाच्या होडीचा अंदाज यावा. पावसाळा सरला की मिशनरी येई, गावातल्या ओसरीवर किंवा झाडाखाली शाळा भरे, तो मुलांना वाचायला लावी, हिशेब विचारी, मास्तरांचा पगार चुकता करी आणि पुढच्या गावाला लागे. मुक्काम धर्मशाळेत नाहीतर एखाद्या पडवीत.

मास्तर कोण? स्थानिक माणूस. बहुतेक हिंदू, पण या पट्ट्यात बरेचदा बेने इस्राएल. इथं गोष्ट खऱ्या अर्थानं वेगळं वळण घेते.

बेने इस्राएल म्हणजे या किनाऱ्यावरचे यहुदी. त्यांच्या परंपरेप्रमाणं अलिबागजवळ नवगावच्या समुद्रात जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि त्यांचा वंश इथं वाढला. बुडालेल्यांना जिथं पुरलं ती जागा नवगावला आजही दाखवतात. तेल गाळायचा त्यांचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावं गावांवरून पडली: रोहेकर, पेणकर, दिवेकर, केहिमकर, नवगावकर. बोली मराठी, नेसणं मराठी, स्वयंपाकात नारळ आणि तांदूळ. आंग्र्यांच्या आरमारात आणि कंपनीच्या पलटणीत त्यांनी नोकऱ्या केल्या. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना एवढं त्यांनी शेकडो वर्षं जपलं होतं. त्यांच्याकडं नव्हता तो ग्रंथ. हिब्रू वाचता येणारी माणसं कोचीनहून येत, शिकवत आणि जात. कंपनीच्या फौजेतला अधिकारी सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यानं १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, म्हणजे जागं होणं आधीच सुरू झालं होतं. पण घराघरांत वाचता येईल असं स्वतःच्या धर्माचं पुस्तक अजून कोणाच्याच हाती नव्हतं.

ते आलं अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून. बायबलचा जुना करार म्हणजे मुळात यहुद्यांचाच ग्रंथ. त्याचे भाग मराठीत छापून येऊ लागले आणि अब्राहाम, मोशे, दावीद यांच्या कथा रेवदंड्याच्या तेल्याला आपल्या मायबोलीत वाचता आल्या. संपूर्ण मराठी बायबल १८४७ साली निघालं, पण त्याच्या कितीतरी आधी त्यातले तुकडे किनाऱ्यावर फिरत होते.

मिशनऱ्यांना या लोकांबद्दल विशेष आशा होती. मूर्तिपूजा नाही, एकच देव मानतात, मशीहाची वाट पाहतात, तेव्हा हे सर्वांत आधी येतील असं त्यांना मनापासून वाटत होतं. स्कॉटलंडचा जॉन विल्सन १८२९ मध्ये चोविसाव्या वर्षी बायकोसह आला, तो थेट दक्षिण कोकणात बाणकोट–हर्णैला मराठी शिकायला गेला. बाणकोट सावित्रीच्या मुखाशी आहे, पलीकडच्या तीरावर रायगडचा हरिहरेश्वर. तिथं त्याच्याआधी डोनाल्ड मिचेल हा पूर्वीचा फौजी अधिकारी १८२३ साली मिशनरी म्हणून आला होता आणि वर्ष संपायच्या आत वारला होता. विल्सन जगला, टिकला, त्याच वर्षी मराठीत बोलू लागला, आणि मुंबईत त्यानं जी संस्था काढली तिचं आजचं नाव विल्सन कॉलेज. बेने इस्राएल मुलांसाठी त्यानं १८३२ मध्ये चक्क मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. त्याच्या शाळांत ही मुलं मोठ्या संख्येनं बसली.

त्यांनी व्याकरण घेतलं, हिब्रू घेतली, मराठी बायबल घेतलं, इंग्रजी घेतली. ख्रिस्ती झाले ते फार थोडे. उरलेल्यांनी तोच जुना करार वाचून आपले सण नीट पाळायला सुरुवात केली, आपल्या प्रार्थना समजून म्हणायला घेतल्या. धर्म बदलावा म्हणून दिलेल्या पुस्तकानं ते अधिक पक्के यहुदी झाले. मिशनरी निराश झाले असतील, पण शाळा त्यांनी बंद पडू दिल्या त्या बहुधा पैशाअभावी, रागानं नव्हे. याबद्दल त्यांना मान द्यायला हवा. आणि बेने इस्राएलांनीही उपकार लपवले नाहीत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, तो छापला गेला १९३७ साली. त्यात या मिशनऱ्यांचं ऋण त्यांनी मोकळेपणानं मानलं आहे.

याच किनाऱ्यावर धर्मप्रचाराचा दुसरा, जुना मासला पाहायचा असेल तर रेवदंड्याहून खाडी ओलांडून कोर्लईला जावं. पोर्तुगिजांनी चौलात दोनशेवर वर्षं राज्य केलं. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन, सगळ्यांचे मठ रेवदंड्याच्या तटात होते, आणि त्यांची पडकी भिंताडं आजही माडांमध्ये उभी आहेत. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले. कोर्लईतली ख्रिस्ती वस्ती राहिली, आणि पोर्तुगीज व मराठी यांच्या मिसळीतून झालेली आपली वेगळी बोली ती अजून बोलते. त्या धर्मामागं तोफा होत्या, किल्ला होता. हॉल आणि फिंडले यांच्यामागं तसं काही नव्हतं. त्यांचं ऐकायचं की नाही हे गावकऱ्याच्या हाती होतं, आणि गावकऱ्यानं ते स्वातंत्र्य पुरेपूर वापरलं.

या अमेरिकन तरुणांनी आपल्या कामाची किंमतही मोजली. नॉट आजारानं १८१५ मध्ये परतला. न्यूएल १८२१ साली पटकीनं गेला. त्यांचे साथीदार निकोल्स आणि फ्रॉस्ट हेही गेले, एक १८२४ मध्ये, दुसरा १८२५ मध्ये. १८२६ च्या मार्चमध्ये हॉल नाशिककडं दौऱ्यावर गेला. तिथं पटकीची साथ होती. जवळची औषधं त्यानं रोग्यांना वाटून टाकली, आणि परतताना एका खेड्यात देवळाच्या ओसरीवर त्यालाच पटकी झाली. बरोबरच्या पोरांनी खड्डा खणून त्याला पुरलं. वय एक्केचाळीस. आजच्या मॉर्मन मुलाच्या पालकांना मुलगा दोन वर्षांनी परत येणार हे ठाऊक असतं, तापाला डॉक्टर मिळणार हेही ठाऊक असतं. हॉलच्या घरच्यांना पत्र पोचायलाच महिने लागत, आणि पत्र वाचताना लिहिणारा जिवंत आहे की नाही हे कळायला मार्ग नसे. त्यांच्या धर्ममताशी माझं जुळत नाही. दुसऱ्याचा देव खोटा म्हणत दारोदार फिरणं मला पटत नाही. पण हे सोसणं खरं होतं, आणि ते विसरून त्यांच्याबद्दल लिहिणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

किनाऱ्यावरच्या यहुद्यांनी पुढं आपली घडी आपणच बसवली. रेवदंड्याला १८४२ मध्ये सिनेगॉग झालं, अलिबागला १८४८ मध्ये, पनवेललाही त्याच सुमारास. जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हे काम मिशनरी त्यांच्यासाठी कधीच करणार नव्हते. आणि केहिमकरांनी मुंबईत १८७५ मध्ये समाजाची स्वतःची शाळा काढली. कुलाब्यातून पोटापाण्यासाठी मुंबईला आलेल्या तेल्यांची, सुतारांची आणि शिपायांची मुलं तिथं हिब्रू शिकू लागली, आपल्याच माणसांकडून.